मारबतीला दिलेला कचरा

मी गोंदियाला पर्यावरणशास्त्र शिकायला गेले, तेव्हा गावात ते कोणालाच नीट सांगता येईना. पोरगी डॉक्टरीन होणार का? नाही. मास्तरीन? तेही नक्की नाही. शेवटी मायनंच निकाल लावून टाकला. बोरिंगवर पाणी भरताना कोणी विचारलं की ती सरळ सांगायची, "कचऱ्याचं शिकून राहिली माही पोरगी." मग जरा थांबून वर जोडायची, "कालेजात." म्हणजे मी झाडू घेऊन फिरते असं कोणाला वाटायला नको.

मला त्याचा असा संताप यायचा! सुट्टीत आले की मी तिला समोर बसवून सांगायचे, "माय, पर्यावरण म्हणजे नुसता कचरा नाही. हवा, पाणी, माती, जंगल, सगळं येतं त्यात." ती सगळं ऐकून घ्यायची, "बरं," म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी बोरिंगवर पुन्हा तेच. माय जाऊन आता दोन पावसाळे झाले. मी गोंदियात कंत्राटी नोकरी करते, घरोघरी जाऊन ओला कचरा वेगळा ठेवा, सुका वेगळा ठेवा, हे सांगत फिरते. बायका दार अर्धं उघडतात, "हाँ दीदी, समझ गए," म्हणतात आणि लावून घेतात. कचऱ्याचंच शिकले मी, दुसरं काय.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाच्या अलीकडे. धानाची शेती, थोडी घरची, थोडी ठेक्यानं केलेली. एक बैलजोडी, गोठा, आणि गोठ्यामागे खताचा खड्डा. शेण, राख, धानाचा कोंडा, भाजीची सालं, सगळं त्या खड्ड्यात जायचं आणि उन्हाळ्यात बैलबंडीनं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायचं. प्लॅस्टिकची पन्नी मात्र माय चुलीत घालायची, ओलं लाकूड पेटत नसलं की. मी ओरडायचे, "माय, विषारी धूर असतो तो!" ती म्हणायची, "मंग ये न बाप्पा, तूच पेटव चूल तुह्या शास्त्रानं." मी एकदा खरंच पेटवायला बसले. अर्धा तास फुंकून डोळे लाल झाले, आणि शेवटी तिनंच एक पन्नी टाकली. त्यावरून ती मला महिनाभर चिडवत होती.

शेवटच्या वर्षी आम्हाला प्रोजेक्ट होता. मी विषय घेतला, आपल्या गावातल्या एका आळीचा सुका कचरा. एकवीस घरं, एक महिना. आमचे सर फार शिस्तीचे. वर्गात फळ्यावर बोट आपटून सांगायचे, "ऐकीव माहिती मी रिपोर्टात चालू देणार नाही. स्वतः गोळा करा, स्वतः वेगळं करा, स्वतः तोला." मी मान हलवली. पण मी राहायचे गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला खोली करून, गावी जायचे फक्त शनिवार-रविवार. रोज एकवीस घरांत कोण फिरणार?

माय म्हणाली, "मी फिरतो न. त्यात काय हाये?"

आमच्याकडे बाया अशाच बोलतात, मी करतो, मी जातो. मी म्हटलं, "माय, रोवणी चालू आहे, तू दमून येतेस." ती म्हणाली, "रोवन्याच्या बायाच त हायेत साऱ्या. येता येता घेऊन येईन." मग माझ्याकडे न बघता, सुपातले खडे निवडता निवडता तिनं विचारलं, "पुस्तक छापून येते का याचं?"

"छापून नाही, बांधून येतं. काळ्या पुठ्ठ्याचं, वर सोनेरी अक्षरं."

"त्यात माहं नाव लिवशील का?"

मी हसले. "लिहीन की. पहिल्याच पानावर लिहीन."

"पैल्या पानावर नको," ती म्हणाली. "कुठीबी लिव. पन लिव."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सही करायची वेळ आली की अंगठा. मतदार यादीत नाव चुकलेलं, रेशन कार्डावर वेगळंच. कुठंतरी एका जागी आपलं नाव बरोबर असावं असं तिला वाटत होतं, एवढंच. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी "हो गं" म्हटलं आणि मोबाईल बघू लागले.

तिनं कामाला अशी सुरुवात केली की मी बघतच राहिले. खताची एकवीस रिकामी पोती धुऊन वाळवली. नावं लिहिता येत नाहीत, तर प्रत्येक घरातून तिनं एकेक चिंधी मागून आणली आणि त्या घराच्या पोत्याला त्याच घराची चिंधी बांधली. शेजारच्या काकू अंगणवाडीत मदतनीस होत्या, त्यांच्या पोत्याला त्यांच्या जुन्या साडीचा काठ. कोणाच्या पोत्याला लुंगीची पट्टी, कोणाच्या पोत्याला टॉवेलाची. गोठ्यात भिंतीला लागून पोत्यांची रांग. रोज संध्याकाळी शेतातून आली की हातपाय धुऊन ती गोठ्यात बसायची, त्या दिवशी आणलेलं खाली ओतायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहायची. खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पन्नी इकडे, शाम्पूची पुडी तिकडे, काच वेगळी, पत्रा वेगळा. मी तिला एकदाच दाखवलं होतं.

शनिवारी मी आले की तिला सांगायचं असायचं. "मालूम हाये का, चौथ्या घरी..." ती सुरू करायची. मी तोडून टाकायचे, "माय, मला फक्त वजन पाहिजे. कोणाच्या घरी काय, ते नको." ती पोत्याचं तोंड बांधायला लागायची. दहा मिनिटांनी पुन्हा, "पन ते सातव्या घरचं त आयक." मी कानात हेडफोन घालायचे. आज तो आवाज कुठून मिळाला तर मी काय वाटेल ते देईन.

वजन मी दर आठवड्याला करायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात दोन पोती घेऊन कुडव्याला गेलेही, कॉलेजच्या काट्यावर तोलायला. घरमालकीण दारातच आडवी. "बिटिया, पढ़ाई करने आई हो कि कबाड़ी का धंधा करने? ये सब मेरे घर में नहीं चलेगा." मी ती दोन पोती रविवारी तशीच परत आणली, रेल्वेत लोकांच्या नजरा झेलत. मग ठरवलं, महिना संपला की काटाच गावी आणायचा आणि एका दिवसात सगळं तोलायचं. आळस होता, दुसरं काही नाही. पण वहीत मी त्याला नियोजन असं लिहून ठेवलं.

महिना संपला तो नेमका पोळ्याला. मी काटा उसना घेऊन गावी आले. सकाळपासून बाबांची घाई, बैलं धुवायची, शिंगं रंगवायची, गोठा सारवायचा. बाबा कमी बोलणारे, पण त्या दिवशी म्हणाले, "तुही पोती उचल इथून. बैलाईले आज तरी जागा दे." मी एकेक करून एकवीस पोती उचलली आणि समोर आणली. ओसरीत पाहुण्यांची ये-जा, आत पुरणाचा घाट, कुठं जागा नाही. मग मी ती दाराच्या दोन्ही बाजूंना रचली, जिथे पळसाचे मेढे रोवले होते तिथेच. मेढे म्हणजे पोळ्याला दारात रोवतात त्या पळसाच्या फांद्या. रांग इतकी छान दिसत होती की मी मोबाईलवर फोटो काढला. उद्या सकाळी उठून तोलायचं, असं म्हणून पुरणपोळी खाऊन झोपले.

आता जे आमच्याकडचे नाहीत त्यांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, कोणी तिला नारबोद म्हणतं. त्या रात्री दाराशी जे ठेवलं ते मारबतीचं. जुना खराटा, फाटकं सूप, तुटलेली चप्पल, फुटकं टोपलं, घरातून जे जावं असं वाटतं ते सगळं. उजाडायच्या आधी आळीतले लोक मेढे उपटतात, दारादारातलं ते सामान उचलतात आणि ओरडत शिवेवर नेतात. खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा, मच्छर घेऊन जा, गे मारबत! तिथे सगळं पेटवून देतात आणि मागे न बघता परत येतात. कोणी कोणाला विचारत नाही, हे न्यायचं का म्हणून. कामाची वस्तू त्या रात्री दाराशी कोणी ठेवतच नाही. चपलासुद्धा आत घेतात. हे मला का माहीत नव्हतं? लहानपणी सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडायचे. तीन वर्षं गोंदियात काय राहिले, आणि पर्यावरण शिकलेली बाई एवढी साधी गोष्ट विसरून गेली.

आरोळ्यांनी जाग आली. बाहेर आले तर दार मोकळं. अंगणात शेणाचा सडा पडलेला, मेढ्यांच्या जागी दोन भोकं. मी अनवाणी धावत सुटले. तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, दिसलं, शिवेवर काळाकुट्ट धूर. पळसाचा असा धूर होत नाही. महिनाभराचं प्लॅस्टिक जळत होतं, एकवीस घरांचं, आणि लोक "घेऊन जा गे" म्हणून टाळ्या पिटत होते.

माय तिथेच उभी होती. हात पोत्यांच्या ओझ्यानं भरून आलेले, कपाळावर घाम, आणि चेहरा असा आनंदलेला. मला बघून म्हणाली, "झालं बाई तुहं काम! पूर्न पोती देऊन टाकलो मारबतीले. चार खेपा झाल्या."

मग मी जे बोलले ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. आळी उभी होती समोर. मी ओरडले, "वेडी आहेस का तू? अडाणी ते अडाणीच! महिनाभराचं काम जाळलंस माझं. कशाला हात लावतेस न कळणाऱ्या गोष्टीला?" शेजारच्या काकू मध्ये पडल्या, "पोरी, मायसंग असं बोलते का?" तर मी त्यांनाही म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." टाळ्या थांबल्या. कोणीतरी खोकलं.

मायचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "दाराशी त तूच ठेवलीस न वं. मले वाटलं, तोलून झालं." एवढंच. मग तिनं पदर खोचला आणि घराकडे चालू लागली.

मी दुपारपर्यंत गोठ्यात बसून रडले. बारा दिवसांत रिपोर्ट द्यायचा होता. तो नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केलीच असती, त्यांनी तसं बजावलं होतं. मी जेवले नाही. मायनंही जेवायला हाक मारली नाही.

दुपार कलली तेव्हा ती गोठ्यात आली. हातात चहाचा पेला आणि माझी वही. दोन्ही माझ्यापुढे ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

"घे. लिव."

"काय लिहू आता?"

"पैलं घर. खर्ऱ्याच्या पन्न्या छत्तीस. शाम्पूच्या पुड्या अकरा. पोंग्याचे पाकीट नऊ, त्यातले दोन फाटके."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काऊन पाहून राहिली? लिव न."

मला खरं वाटेना. माझ्या लक्षात एका पोत्यातली एक खूण होती, आरशाचा निळ्या कडेचा तुकडा. मी विचारलं, "आरशाचा तुकडा कोणाच्या घरचा होता?" ती म्हणाली, "तेराव्या. निळी कडा. तिसऱ्या आठवड्यात भेटला. नवरा-बायकोचं भांडन झालं होतं त्या दिवशी." तेव्हा मी पेन उचलला.

दिवेलागणीपर्यंत ती सांगत होती आणि मी लिहीत होते. एकदाही अडली नाही. महिनाभर मी ऐकलं नव्हतं ते सगळं आता ऐकावं लागलं, आणि बाप्पा, काय काय होतं त्यात! "चौथ्या घरी गोळ्याईचे रिकामे पत्ते सात. बुढा बिमार हाये, सुनेनं कोनाले सांगलं नाई, एकटीच करून राहिली." "सातव्या घरी दारूची शिशी एकबी निंघाली नाई महिनाभर. लोकं मानत नाई, पन त्यानं सोडली बाई, मले मालूम हाये." "अकराव्या घरी पैले दोन आठवडे मसाल्याच्या पुड्या, मंग एकदम बंद. सून माहेरी गेली. आता बुढी नुसतं मीठ-भात खाते." मध्येच थांबून ती म्हणाली, "तिले उद्या भाजी नेऊन दिली पायजे." आणि पुढचं घर.

मी शेवटच्या रकान्यात, शेरा असं लिहितात तिथे, हे सगळं टिपून घेतलं. वजनाचं मग कॉलेजात जुळवलं. एक पन्नी, एक पुडी, एक पत्ता, असं प्रत्येक वस्तूचं एकेक वजन केलं आणि मायनं सांगितलेल्या संख्येनं गुणलं. लिहून संपलं तेव्हा अंधार पडत आला होता. मी वही मिटली. माफी मागायची होती, शब्द तोंडात आला होता. ती उठता उठता म्हणाली, "नाव लिवशील न मंग?" मी म्हटलं, "लिहीन, माय. नक्की लिहीन." माफी तशीच राहिली. नाव लिहू म्हणजे माफी झाली, असं मी मनाशी धरलं.

आणि मी नाव लिहिलं नाही.

लिहायला बसले होते. आभाराच्या पानावर पहिली ओळ तिचीच लिहिली, की या अभ्यासातली सगळी माहिती माझ्या आईनं गोळा केली आणि तोंडी सांगितली. मग सरांचा आवाज आठवला, ऐकीव माहिती चालणार नाही. ओळ खोडली. वाटलं, हे वाचून रिपोर्ट परत केला तर? अडाणी आईच्या तोंडून ऐकून लिहिलं म्हणून हसले तर? सगळी भीती खरी होती, पण त्यात थोडी लाजही होती, ती मी तेव्हा कबूल केली नाही. शेवटी सरांचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले, ग्रंथालयाचे, मैत्रिणींचे, झेरॉक्सवाल्या भैयाचेसुद्धा मानले. आणि सगळे लिहितात तसं खाली लिहिलं, आईवडिलांच्या आशीर्वादाने हे कार्य पूर्ण झाले. कार्यपद्धतीत लिहिलं, संशोधिकेने स्वतः वजन केले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी इतर सगळं सोडून तो शेऱ्याचा रकानाच वाचला. म्हणाले, "वजनं सगळेच आणतात. हे कोणी आणत नाही. कचऱ्यावरून तुम्ही माणसं वाचलीत. कसं जमलं?" आमचे सर अभिमानानं माझ्याकडे बघत होते. तीच वेळ होती. मी म्हटलं, "रोज संध्याकाळी मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायचे, सर."

पहिला वर्ग मिळाला. काळ्या पुठ्ठ्याची एक प्रत घेऊन मी गावी गेले. मायनं हात पुसून ती घेतली, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. "माहं नाव कुठी हाये?"

मी आभाराचं पान उघडलं आणि ती आशीर्वादाची ओळ दाखवली. "हे बघ. इथं."

ती वाकून बघत राहिली. ओळ लांब होती. "एवढं मोठं दिसते का माहं नाव?" ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. आणि पान मिटलं.

त्यानंतर आळीभर झालं. बोरिंगवर, रोवण्यात, लग्नात, कोणाच्या तेरवीला सुद्धा, "पोरीनं पुस्तकात माहं नाव लिवलं." मी आले की लोक मला शाबासकी द्यायचे. अशी पोरगी पाहिजे, म्हणायचे. मी मान खाली घालायचे, तर त्यांना वाटायचं केवढी ही नम्र आहे. दर वेळी ठरवायचे, या खेपेला सांगून टाकू. नोकरी लागली तेव्हा ठरवलं. नवी प्रत बांधून घेऊ, त्यात तिचं नाव ठळक अक्षरात घालू, आणि तीच तिच्या हातात देऊ, असंही एकदा ठरवलं. नंतर तिला ताप आला, साधाच वाटला, आणि पंधरा दिवसांत माय गेली.

मला तिची फार आठवण येते. लोकांना सणावारी येते, मला रोज सकाळी येते, कारण रोज सकाळी मी लोकांच्या बादल्या बघते. कुडव्यात एका दारावर रोज एक पिशवी टांगलेली असते. परवा तिच्यात एकदम खूप सारे रिकामे खोके होते, आणि मी तिथे उभी राहून विचार करत होते, काय झालं असेल या घरात? कोणी आलं, की कोणी गेलं? मला वाचता आलं नाही. मायनं एका नजरेत सांगितलं असतं. तिला फोन लावावा असं इतकं वाटलं की मी मोबाईल काढला होता हातात.

या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा बाबांनी तिची पेटी माझ्यापुढे ठेवली, म्हणाले, "तूच पाय काय ठेवायचं ते." लुगडी होती, पाटल्या होत्या, आणि तळाशी लाल फडक्यात बांधलेला माझा रिपोर्ट. शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या. आता त्या अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आहेत, दिवसातून एकदा बाबांकडे चक्कर टाकतात. रिपोर्ट दिसताच त्यांनी तो पुन्हा फडक्यात गुंडाळला. आणि मला ते सहन झालं नाही.

"काकू," मी म्हटलं, "यात मायचं नाव नाही. मी लिहिलंच नव्हतं."

काकूंनी एक लुगडं उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "मले मालूम हाये."

"तुम्हाला कसं?"

"मीच त वाचून दाखवलं तिले. तू देऊन गेली न, त्याच्या तिसऱ्या दिवशी घेऊन आली. म्हने, बाई, माहं नाव कसं वाजते पुस्तकात ते वाचून दाखव. मी ते पान वाचलं. नाव नाई. मंग म्हने, दुसऱ्या पानावर असंल. चार दिवस येत होती दुपारची. पूर्न पुस्तक वाचलं मी, पैल्या पानापासून आखरीपर्यंत."

मी रिपोर्ट मांडीवर ओढून घेतला.

"मी म्हटलं, पोरीले विचार न. त म्हने, नको. तिले वाटते मले समजलं नाई, त तसंच वाटू दे. कालेजात काई अडचन आली असंल तिले. आन् कोनाले सांगू नको म्हने, पोरीची फजिती होईल." काकूंनी पदरानं डोळे टिपले. "बोरिंगवर मंग तिनं मुद्दाम सांगनं सुरू केलं. म्हंजे कोनी पुस्तक उघडून पाहू नये."

मी रडत होते. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि बोलता बोलता त्यांना हसू आलं.

"आन् मालूम हाये का, घराघराचं वाचून राहिलो होतो न, तवा एका जागी तिनं मले थांबवलं. म्हने, हे चुकलं. पोरीनं लिवताना चूक केली. पुढच्या खेपेले आली की सांगतो तिले. मंग राहून गेलं असंल."

"कोणत्या घराचं, काकू?"

"आता कुठी ध्यानात राहते, पोरी."

त्या दुपारी मी एकवीस घरं पहिल्यापासून वाचली. मग पुन्हा वाचली. मला सगळी बरोबरच वाटली.